पोलादी फ्रेम आणि सायकलची चाल

सायकलवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘स्टीलची सायकल अंगाला लागत नाही.’ कार्बन घेतली, अ‍ॅल्युमिनियम चालवून पाहिली, पण स्टीलसारखी चाल नाही, असं सांगणारी माणसं पुण्यात भेटतात तशी मिलानमध्येही भेटतात. हे खरं की खोटं, असं विचारलं की वाद सुरू होतो आणि चहा संपला तरी वाद संपत नाही. म्हणून मी आज वेगळा प्रश्न घेणार आहे. हे वाक्य आलं कुठून? रेसिंगच्या पोलादी सायकलीला जो आराम, जो जिवंतपणा चिकटवला जातो, तो नक्की कशाने येत होता?

यात नुसतं कुतूहल नाही, पैशाचा आणि पाठीचाही प्रश्न आहे. जुनी इटालियन फ्रेम घेणारा माणूस आधी नळीवरचं स्टिकर बघतो. भरपूर पैसे मोजतो. आणि सहा महिन्यांनी मान धरते, तळहात बधिर होतात, म्हणून तीच सायकल भिंतीवर टांगून ठेवतो. स्टिकर खरंच असतं. पण स्टिकरने जे वचन दिलेलं असतं ते पाळणं त्या नळीच्या हातात कितपत असतं, ते पाहू.

सुरुवात १८८५पासून करावी लागते. त्या वर्षी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल काढली. दोन साधारण सारख्या उंचीची चाकं, चेन मागच्या चाकाला. आजच्या सायकलीची ही आजी. याआधीची उंच चाकाची सायकल धोकादायक होती, पण तिचा एक फायदा होता: मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं. चाकं लहान झाली आणि धक्के वाढले, कारण टायर तेव्हा भरीव रबराचे होते. मग कारागिरांनी स्वाभाविक उपाय केला. फ्रेममध्येच स्प्रिंग बसवली. लिनली आणि बिग्ज यांची ‘व्हिपेट’ नावाची सायकल याच १८८५ सालची. तिच्यात हँडल, सीट आणि पेडल यांचा एक त्रिकोण बाकीच्या सायकलीपासून स्प्रिंगवर वेगळा झुलत असे. लोकांनी ती घेतली, वाखाणली.

आणि मग १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्पर्धकाने तो टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. लोक आधी त्या जाड टायरला हसले होते म्हणे. काही वर्षांतच स्प्रिंगच्या फ्रेमा बाजारातून दिसेनाशा झाल्या आणि सरळ नळ्यांची, दोन त्रिकोणांची, ताठ फ्रेम कायमची बसली.

हा क्रम लक्षात ठेवा. आरामासाठी फ्रेम लवचिक करण्याचा प्रयत्न माणसाने केला होता. हवेचा टायर आल्यावर त्याने तो सोडून दिला, कारण टायर ते काम कितीतरी चांगलं आणि हलकं करत होता. आपण आज ज्याला पारंपरिक पोलादी फ्रेम म्हणतो तिचा आकारच मुळी ‘धक्के टायर घेईल’ या गृहीतावर उभा आहे.

आता नळ्यांकडे येऊ. बर्मिंगहॅमला रेनॉल्ड्स यांचा खिळे करण्याचा कारखाना होता. १८४१पासूनचा. सायकलीची लाट आल्यावर आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांना एक अडचण दिसली. नळी पातळ घेतली तर सायकल हलकी होते, पण जोडावर ब्रेझिंग करताना, म्हणजे पितळेने झाळताना, पातळ नळी भाजून कमजोर होते. जाड घेतली तर जोड टिकतो पण वजन वाढतं. १८९७ साली त्यांनी आणि हेविट यांनी याचं पेटंट घेतलं: नळी टोकांना आतून जाड आणि मध्ये पातळ. बाहेरून सगळीकडे सारखी. याला बटेड ट्यूब म्हणतात. दिसायला काहीच वेगळं नाही, म्हणून तर पुढे स्टिकरची गरज पडली.

१९३५ साली त्याच कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ५३१ ही नळी आणली. पुढची चाळीस वर्षं युरोपात ‘चांगली सायकल’ आणि ‘५३१’ हे जवळजवळ समानार्थी शब्द होते. जॅग्वारच्या ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही हीच नळी होती. इकडे मिलानमध्ये आंजेलो लुइजी कोलोम्बो यांनी १९१९ साली नळ्यांचा कारखाना काढला, त्यातून कोलंबस हे नाव आलं. इटालियनमध्ये कोलोम्बो म्हणजे कबुतर, म्हणून स्टिकरवर कबुतर. कोलंबसचे दोन संच सगळ्यांना माहीत असतात. एसएल: भिंत टोकांना ०.९ मिलिमीटर, मध्ये ०.६. आणि एसपी: टोकांना १.०, मध्ये ०.७. एसपी उंच, वजनदार माणसांसाठी आणि खराब रस्त्यांसाठी. फरक किती? मिलिमीटरचा दहावा भाग. वहीच्या एका पानाएवढा.

इथे थोडं भौतिकशास्त्र सांगायलाच हवं, कारण सगळा गैरसमज इथेच आहे. महाग पोलाद जास्त ‘स्प्रिंगदार’ असतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पोलादाचा ताठपणा, म्हणजे ठरावीक जोर लावला तर ते किती वाकेल, हा गुण स्वस्त आणि महाग पोलादात जवळपास एकच आहे, सुमारे २०० गिगापास्कल. महाग पोलाद वेगळं असतं ते ताकदीत: ते कायमचं वाकायला किंवा तुटायला जास्त जोर लागतो. ताकद जास्त म्हणून नळी पातळ करता येते. पातळ केली की वजन घटतं आणि ती थोडी जास्त लवते. म्हणजे चाल बदलते ती जाडी बदलल्यामुळे. मिश्रधातूची जादू त्यात नाही.

आणि जाडीपेक्षाही मोठा भाव व्यासाचा. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. जुन्या रेसिंग फ्रेममध्ये वरची दांडी १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि खालची नळी २८.६. पुढे ओव्हरसाइज फ्रेमा आल्या, त्यांत खालची नळी ३१.८ झाली. नुसतं तीन मिलिमीटरने वाढली, पण भिंत तीच ठेवली तर ताठपणा सुमारे ३७ टक्के वाढतो. म्हणून दोन फ्रेमांची तुलना करताना खिशात स्टिकरांची यादी ठेवण्यापेक्षा व्हर्नियर कॅलिपर ठेवलेला बरा.

पण हे लवणं कुठल्या दिशेने, हेही पाहिलं पाहिजे. पेडलवर जोर दिला की फ्रेम आडवी लवते, पिळवटते. ते डोळ्यांनीही दिसतं. खड्ड्याचा धक्का मात्र उभा येतो, आणि उभ्या दिशेने दोन त्रिकोणांची फ्रेम ही पुलाच्या कैचीसारखी असते. जवळपास लवतच नाही, मिलिमीटरचा अंश. २८ मिलिमीटरचा टायर बसल्याबरोबर तीन-चार मिलिमीटर दबलेला असतो. सीटखालचा खांब, सीट, पुढचा फोर्क हे सगळे मागच्या त्रिकोणापेक्षा जास्त देतात. फोर्क विशेष. जुन्या फोर्कच्या पायऱ्या... माफ करा, टांगा म्हणू, त्या खाली निमुळत्या होत जायच्या आणि टोकाला पुढे वळायच्या. वळणामुळे आराम मिळतो असं लोक मानतात. खरं काम करतो तो टोकाचा बारीकपणा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कोल्नागोने अगदी सरळ टांगांचा पोलादी फोर्क आणला आणि तो रेसिंगमध्ये मजेत चालला.

मग ‘स्टील अंगाला लागत नाही’ ही आठवण लोकांना कुठून आली? रस्त्यांवरून आली, असं माझं मत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि लगेच नंतरच्या सायकली पाहा. फ्रान्स-इटलीतले डोंगराळ रस्ते तेव्हा कच्चे होते. त्या सायकलींची चाकं एकमेकांपासून लांब, हँडलची आणि सीटची नळी जास्त कललेली, फोर्क पुढे काढलेला, टायरला भरपूर जागा. पॅरिसमध्ये रने एर्स यांच्यासारखे कारागीर लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी सायकली करायचे. पातळ ५३१च्या नळ्या, ६५०बी मापाची चाकं, ४० मिलिमीटरच्या आसपासचे मऊ टायर. त्यांच्याही आधी सेंत-एत्येनचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सगळे ‘व्हेलोसिओ’ म्हणत, रुंद टायरचा आयुष्यभर प्रचार करत राहिले. या लोकांना सोय कळत होती. सोयीचं आणि वेगाचं वाकडं आहे असं त्यांनी कधी मानलं नाही.

रस्ते डांबरी होत गेले तशा शर्यतीच्या फ्रेमा आखूड झाल्या, कोन उभे झाले, ७३ अंशांच्या आसपास आले. टायर बारीक झाले. १९७०च्या दशकात तर हलकेपणाचं वेडच होतं. १९७२ साली एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाचा विक्रम केला, ४९.४३१ किलोमीटर, त्यासाठी एर्नेस्तो कोल्नागो यांनी केलेली सायकल पावणेसहा किलोच्या आसपास होती. ती सायकल एका तासासाठी, गुळगुळीत ट्रॅकवर, जगातल्या एका माणसाच्या मापाची होती. पण दुकानातल्या रस्त्याच्या सायकलीही तिच्याकडे बघत घडू लागल्या. १९८०च्या दशकात २० मिलिमीटरचे टायर लावलेल्या पोलादी सायकली होत्या आणि त्या अंगाला चांगल्याच लागायच्या. विचारा कुणालाही, ज्याने त्या चालवल्यात.

याचा उलटा पुरावा आपल्या दारातच उभा आहे. आपली काळी सायकल. १९४९ साली मद्रासमध्ये मुरुगप्पा घराण्याने बर्मिंगहॅमच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगाबरोबर टीआय सायकल्स सुरू केली. हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए ही नावं आपल्याला तिथूनच ओळखीची. गंमत अशी की रेनॉल्ड्स ही कंपनी १९२८पासून याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या मालकीची होती. म्हणजे ५३१ची नळी आणि आपल्या दूधवाल्याची सायकल ही एकाच घरातली भावंडं. पण काळ्या सायकलीला ५३१ कधी मिळाली नाही. तिच्या नळ्या साध्या, जाड, जड. हिशेबाने ती फ्रेम ५३१पेक्षा ताठ. तरी खड्ड्यांतून ती गादीसारखी जाते, कारण दीड इंची टायर, ६३५ मिलिमीटरची मोठी रिम, भरपूर कललेल्या नळ्या, लांब अंतर, स्प्रिंगची सीट आणि ताठ बसणारा माणूस. नळीच्या दर्जाने आराम ठरत असता तर काळी सायकल सगळ्यांत वाईट ठरली असती.

याच घरातला पुढचा अध्याय १९७६चा. रेनॉल्ड्सने ५३१वर उष्णतेची प्रक्रिया करून ७५३ काढली. इतकी पातळ आणि कडक, की फ्रेम तयार झाल्यावर वाकवून सरळ करता येत नसे, आणि कमी तापमानावर चांदीच्या झाळेने जोडावी लागे. कारागिराने आधी नमुन्याचा जोड करून कंपनीकडे पाठवायचा, तो पास झाला तरच नळ्या मिळायच्या. योप झूटेमेल्कने १९८०ची टूर द फ्रान्स टीआय-रॅलेच्या संघातून जिंकली, त्या संघाच्या सायकली ७५३च्या. त्या संघाच्या नावातला ‘टीआय’ म्हणजे वर सांगितलेलीच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स.

मग प्रश्न सरळ आहे: माणसाला हा नळ्यांचा फरक कळतो का? १९९६ साली अमेरिकेतल्या ‘बायसिकल गाइड’ मासिकाने पाहायचं ठरवलं. इटालियन कारागीर आंतोनियो मोंदोनिको यांनी सात फ्रेमा केल्या. माप तेच, बाकीचं सामान तेच, फक्त कोलंबसच्या नळ्यांचे संच वेगळे, स्वस्तापासून महागापर्यंत. कोणती कोणती ते झाकलेलं. अनुभवी परीक्षकांना त्या खात्रीने वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘ही नळी जिवंत, ती मेलेली’ असं लिहिलं होतं त्यांच्यासाठी हा मोठाच धक्का होता.

पण इथे थांबू नये. काही वर्षांनी सिअ‍ॅटलच्या यान हाइना यांनी आपल्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’मध्ये अशीच झाकलेली चाचणी घेतली. त्यात नळ्यांच्या ताठपणातला फरक मुद्दाम मोठा ठेवला होता. या वेळी काही जणांना फरक कळला, आणि त्यांना लवचिक फ्रेमच जास्त चांगली पळते असं वाटलं. मी दोन्ही चाचण्या एकत्र वाचतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक बहुतेकांना कळत नाही. मोठा फरक काहींना कळतो, आणि तो पेडल मारताना कळतो. खड्ड्यात नाही. तो अनुभव खोटा नाही, पण त्याला ‘आराम’ म्हणणं चूक आहे.

फ्रेम जुनी झाली की ‘मऊ पडते’ हाही असाच एक समज. युरोपातले शर्यतवाले दर हंगामात नवी फ्रेम मागत. पोलादाचा ताठपणा वापराने कमी होत नाही. फ्रेमला चीर गेली असेल तर गोष्ट वेगळी.

आणि अ‍ॅल्युमिनियम कडक, हा समज? अ‍ॅल्युमिनियमचा स्वतःचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. १९८०च्या दशकातली फ्रान्सची व्हितू ९७९ ही बारीक अ‍ॅल्युमिनियम नळ्यांची फ्रेम लवण्यासाठीच प्रसिद्ध होती. शॉन केलीने तिच्यावर बरंच काही जिंकलं. अमेरिकेत क्लाइन आणि कॅननडेल यांनी जाड व्यासाच्या नळ्या वापरल्या, त्या ताठ झाल्या, आणि दोष धातूच्या नावावर गेला. व्यासाचा घन, पुन्हा तेच.

आता मापाकडे. सगळ्यांत जास्त अंगदुखी इथे आहे आणि सगळ्यांत कमी चर्चाही इथेच. जुनी फ्रेम ५४ची, ५६ची म्हणून विकली जायची. हा आकडा सीटच्या नळीच्या लांबीचा. टांगांच्या लांबीवरून फ्रेम निवडायची. सिरिल गिमार या फ्रेंच प्रशिक्षकाची पद्धत ग्रेग लेमाँडने १९८७च्या आपल्या पुस्तकातून जगभर नेली: जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्याची उंची. उंची ८० सेंटिमीटर असेल तर सुमारे ७०.६. सीटच्या उंचीसाठी हे सूत्र चांगलं आहे. पण सीटची उंची सीट वरखाली करून मिळतेच! जे सहज बदलता येत नाही ते सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर. आणि ते वरच्या दांडीवर अवलंबून, ज्याचा आकडा स्टिकरवर नसायचा.

याची किंमत सगळ्यांत जास्त मोजली ती ठेंगण्या माणसांनी, आणि त्यांत बहुसंख्य बायका. सीटची नळी आखूड केली तरी ७००सीच्या मोठ्या पुढच्या चाकामुळे दांडी एका मर्यादेखाली आखूड होत नाही. पाय चाकाला लागतो. मग बाई हात ताणून, कोपरं ताठ करून बसते. ताठ कोपरातून प्रत्येक धक्का खांद्यात जातो. १९८५ साली अमेरिकेत जॉर्जीना टेरी यांनी बायकांसाठी सायकली करायला सुरुवात केली. त्यांनी पुढचं चाक २४ इंची लावलं आणि दांडी खरोखर आखूड केली. सायकल विचित्र दिसायची, लोक थांबून बघायचे. पण कोपरं वाकली. माझ्या मते पोलादी फ्रेमच्या इतिहासातला आरामाचा तो फार मोठा शोध आहे, आणि त्यात नव्या नळीचा काही संबंध नव्हता.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस माइक बरोज यांच्या कल्पनेतून जायंटने उतरत्या दांडीची टीसीआर आणली. मोजकीच मापं, बाकी जुळवाजुळव लांब सीटखांब आणि वेगवेगळ्या लांबीच्या स्टेमने. ती अ‍ॅल्युमिनियमची होती, पण स्टीलवाल्यांनीही उतरती दांडी उचलली. एक फायदा सहज मिळाला: बाहेर निघालेला लांब सीटखांब चांगला लवतो.

वेळ संपत आलीय, पण समोरून चिठ्ठी आलीय. ‘जुनी ५३१ची फ्रेम मिळतेय, माझ्या मापापेक्षा तीन सेंटिमीटर मोठी आहे, स्टेम आखूड लावून चालेल का?’

तीन सेंटिमीटर कुठे मोठी, ते आधी मोजा. सीटच्या नळीत असेल आणि दोन्ही पाय टेकून दांडीवर उभं राहता येत असेल तर चालेल. वरच्या दांडीत असेल तर १० सेंटिमीटरच्या स्टेमऐवजी ७चा लावावा लागेल. हँडल चुटकीसरशी वळायला लागेल. फोर्क पुढे किती काढलाय तेही बघा. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं खिळ्याच्या मागे ओढलं जातं, तसं पुढचं चाकही वळणाच्या रेषेच्या मागे टेकतं. ते अंतर शर्यतीच्या सायकलीत साधारण साडेपाच-सहा सेंटिमीटर असतं, जुन्या फ्रेंच प्रवासी सायकलींत त्याहून बरंच कमी. पुष्कळ लोक ज्याला नळीचा जिवंतपणा म्हणतात तो या आकड्यातून येतो. मग ब्रेकखाली टायरला जागा किती ते बोट घालून बघा. २८चा बसत असेल तर उत्तम, ३२चा बसत असेल तर सोडू नका. २३च्या वर काहीच जात नसेल आणि दांडीही लांब असेल, तर ती ५३१ असो की ७५३, पैसे परत खिशात घाला आणि मला त्या विक्रेत्याचा पत्ता द्या. माझे हात लांब आहेत.